राणीच्या पदराखालचं कुंकू

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. जळगाव

दिपमाला सकाळी चोपड्याला परत गेली. तिची आई गेल्यापासून इथेच होती. तिकडे तिचंही घर आहे, किती दिवस राहणार. निघताना ही वही टेबलावर ठेवली. म्हणाली, "आबा, तुम्ही कोणाशी बोलत नाही. निदान लिहा तरी."

मी म्हटलं, "लिहायला काय आहे?"

"जेवलात का, तेवढं लिहा."

जेवलो. खिचडी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. कालव्यांचे नकाशे काढण्यात नोकरी झाली. रेघ सरळ आहे की नाही ते मला लगेच दिसतं. लिहिण्याचं तसं नाही.

आज पदकांची पेटी उघडली. कमल गेल्यानंतर पहिल्यांदाच. राजाराणीचे मुखवटे असलेली चांदीची पदकं आहेत. इंग्रजांच्या काळात ज्युबिली, राज्यारोहण, दिल्ली दरबार अशा वेळी ती काढली जात. पाटलांना, शाळांना, सावकारांना मिळत. पुढे त्यांची नातवंडं सराफाकडे मोडीत घालत. मी ती आठवडे बाजारात आणि सराफ्यात शोधत फिरलो. पेटीत निळ्या मखमलीचे गोल खळगे मीच कापून केलेत. प्रत्येक पदक ज्याच्या त्याच्या खळग्यात.

खोटं पदक पेटीत जात नाही. कधी फसून घेतलं गेलंच, तर वरच्या कडेजवळ ड्रिलने भोक पाडतो. मग ते खरं म्हणून पुढे कोणालाच विकता येत नाही. अशी खोटी पदकं सुतळीत ओवून कपाटाच्या दारामागे लटकवली आहेत. कमल म्हणायची, "तुमनी खोटास्नी माळ. एखांद दिन कानबाईना गयामा घाली दिसू." कानबाई म्हणजे आमच्याकडची श्रावणातली देवी.

सगळी पदकं जागेवर आहेत.

२४ नोव्हेंबर, रविवार

वनाभाऊ धुळ्याहून आले. दर रविवारी येतात. पूर्वी महिन्या दोन महिन्यांनी यायचे. आज भरताची वांगी आणि यशोदावहिनींनी केलेल्या कळण्याच्या भाकरी आणल्या. माणूस चांगला. मला पदकांचा नाद त्यांनीच लावला. शाळेत इतिहास शिकवायचे.

चहा होण्याआधीच म्हणाले, "पेटी काढ रे कौतिक. बघू तरी."

त्यांचा हात नेहमीप्रमाणे राणीवर गेला. १८९७ चं मोठं पदक, चहाच्या बशीतल्या खळग्याएवढं. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हाचं. एका बाजूला म्हातारी राणी, डोक्यावर पदर घेतलेली. दुसऱ्या बाजूला तीच राणी, तरुण. असं पदक इतरत्रही मिळतं, पण याच्या कडेवर एका पाटलाचं नाव कोरलंय आणि साक्री तालुक्यातलं गाव. ते वनाभाऊंच्या आजोबांचं गाव.

हे पदक घेतलं त्या दिवशी आम्ही दोघेही साक्रीच्या बाजारात होतो. वनाभाऊ उसाचा रस प्यायला थांबले. मी पुढे गेलो आणि भांडेवाल्याच्या मोडीत मला ते दिसलं. तेव्हापासून ते उसाचा रस पीत नाहीत. गमतीने सांगतात, पण पीत नाहीत.

आज भिंगातून खूप वेळ बघत होते. म्हणाले, "पदराखाली हे काय साचलंय? कुंकू का? काडीने काढून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "काढायचंच आहे. राहून गेलंय. मी काढेन."

मग त्यांनी विषय काढला. डिसेंबरात धुळ्याला काही संग्राहक प्रदर्शन भरवणार आहेत. राणी तीन आठवड्यांसाठी द्यायची. चांगले फोटोही निघतील.

विचार करून सांगतो म्हटलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

त्या कुंकवाचं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी पदक हाताळलं तर कळेल.

कमल दरवर्षी श्रावणात कानबाई बसवायची. एका वर्षी तिने राणी मागितली, देवीच्या गळ्यात घालायला. मी म्हटलं, भोक पाडावं लागेल, पदकाची किंमत जाईल. रोटांच्या, म्हणजे नैवेद्याच्या दिवशी बघतो तर राणी देवीपुढे तांदळावर बसवलेली आणि तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू. तूप लावून वर कुंकू. मी ओरडलो. पदक खराब होतं, आणि दुसरं म्हणजे तो पदर विधवेचा आहे. राणीचा नवरा फार आधी वारला होता. तिला कुंकू कसं लावतेस?

कमल म्हणाली, "राणी का व्हयेना, बाईच शे. बाईनं कपाय कोरं कसं ठेवानं?"

नंतर दरवर्षी तेच. मी पुसायचो, ती पुढच्या वर्षी लावायची. कपाळावरचं पुसलं जायचं, पण पदराच्या घडीत कानाखाली थोडं राहायचं. त्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा खडा झाला. या ऑगस्टमध्ये पुसायला वेळ झाला नाही, तिला ताप होता. दसऱ्यानंतर ती गेली.

काडीने पाच मिनिटांचं काम आहे.

१ डिसेंबर, रविवार

राणी दिली. वनाभाऊंनी धुतलेला रुमाल आणला होता. मी तीनदा सांगितलं, कुंकवाला हात लावू नका. ते हसले. "अरे, आहे तशीच परत आणतो. तुझ्या डोळ्यांना फरक दिसणार नाही."

दिपमालाचा फोन होता. "बरं केलंत आबा. वनाकाका किती करतात तुमचं. मी तर म्हणते, सगळीच पेटी त्यांना देऊन टाका. तुम्हाला एकट्याला सांभाळायला ताप."

पोळी आणि वांग्याचं भरीत. जेवण जास्त झालं.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्रदर्शन कधी आहे ते विचारायला दोनदा फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, प्रदर्शन पुढे ढकललं, काळजी करू नकोस.

मखमलीतला खळगा रिकामा दिसतो. पेटी बंद करून ठेवली.

२२ डिसेंबर, रविवार

राणी परत आली. वनाभाऊ घाईत होते, चहा घेतला नाही. कधी नव्हे ते उभ्याउभ्याच बोलले, प्रदर्शन उरकलं म्हणाले. जाताना म्हणाले, "कुंकू बघून घे बाबा, आहे ना जागेवर?" आहे. लाल, कानाखाली, तसंच. मी त्यांचे आभार मानले.

थंडी पडली म्हणून की काय, पदक हातात वेगळं वाटलं. पण खळगा भरला. आज बरं वाटतंय.

२८ डिसेंबर, शनिवार

कडेवरच्या पाटलाच्या नावाची अक्षरं बोथट दिसतात. कोरलेल्या अक्षराला धार असते, नखाला लागते. ही गुळगुळीत लागतात. शिवाय खळग्यात पदक किंचित हलतं. मखमल दबली असेल.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दिपमाला वर्षभर मागे लागली आहे. उन्हाळ्यात करून घेतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

वनाभाऊ आले नाहीत. सलग दुसरा रविवार.

आज कुंकवावर बोट ठेवलं. पूर्वी बोटाला हलकी लाली लागायची. म्हणजे नोव्हेंबरात पेटी उघडल्यावर मी कधीतरी लावून बघत असे. आज दाबून फिरवलं तर पुसटसा रंग आला, आणि दुसऱ्यांदा काहीच नाही. खाली पांढरं चमकलं.

कमलच्या शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि हलकेच टोचली. सुई आत जाईना. खरवडलं. चांदी.

तो खडा चांदीचा आहे.

६ जानेवारी, सोमवार

रात्रभर तेच डोक्यात होतं. लिहिलं की सरळ होईल म्हणून लिहितो.

ऑफिसात मूळ नकाशावर शाईचा थेंब सांडलेला असेल तर प्रत्येक नकलेत तो डाग उतरायचा. यंत्राला रेघ आणि डाग यातला फरक कळत नाही. पदकाचा साचा घेतला तरी तसंच होणार. पदर, कान, केस आणि कमलचं कुंकू, जे वर आलंय ते सगळं साच्यात उतरणार. मग त्यात चांदी ओतली की कुंकवाचीही चांदी. वरून थोडा लाल रंग.

म्हणजे हे पदक ओतीव आहे. ओतीव थंड झालं की किंचित आक्रसतं, म्हणून खळग्यात हलतं.

पण वनाभाऊ असं करणार नाहीत. प्रदर्शनात कोणी बदललं असेल, फोटोवाल्याकडे असेल. त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नसेल. त्यांना सांगायला हवं.

१२ जानेवारी, रविवार

वनाभाऊंनी आज फोन उचलला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "कौतिक, कुंकू तुपात वाळलं की दगड होतं. त्यात काय एवढं?"

"सुईने खरवडलं. चांदी निघते आत."

"खालच्या पदकाची चांदी दिसली असेल तुला."

"अक्षरंही बोथट आहेत."

"हे बघ, वहिनी गेल्यापासून तुझं चित्त ठिकाणावर नाही. राग नको मानू. जळगावात एवढे डॉक्टर आहेत. एकदा दाखव."

मी विचारलं, प्रदर्शन कुठल्या हॉलमध्ये झालं? म्हणाले, दारावर कोणीतरी आलंय, नंतर करतो.

संध्याकाळी दिपमालाचा फोन. आवाज रडवेला. "आबा, वनाकाकांचा फोन आला होता मला. तुम्ही सुया घेऊन बसता म्हणे? पदकं खरवडता?"

"एकच."

"आबा! मी पुढच्या रविवारी येते. तुम्ही चोपड्याला चला थोडे दिवस. घर बंद करू. ती पेटी वनाकाकांकडे ठेवू, ते म्हणाले सांभाळतो."

मी बरं म्हटलं.

पेटी वनाभाऊंकडे.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. संक्रांत झाली. शेजारच्या कामिनीबाई तिळगूळ देऊन गेल्या. दारातूनच.

स्वतःवरच शंका येऊ लागली आहे. पदक सारखं काढून बघतो. एकदा वाटतं ओतीव, एकदा वाटतं मीच वेडा. दिपमाला रविवारी येईल, तेव्हा तिला काय दाखवणार? बोथट अक्षरं? ती म्हणेल डोळा.

शनिवारी धुळ्याला जातो. फोन न करता. प्रदर्शनात कोण कोण होतं ते वनाभाऊंसमोर बसून विचारलं तर काही कळेल.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळच्या बसने पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. पदक रुमालात गुंडाळून आतल्या खिशात. सगळा प्रवास खिशावर हात होता.

वनाभाऊ घरी नव्हते. भाजी आणायला गेलेले. यशोदावहिनी दारात आल्या, चेहरा उजळला. "या, या भाऊ! कमलअक्का गयी तधळपासून तुम्ही पायच ठेवा नही आठे. बसा, च्या मांडस."

घरात हळदीकुंकवाची तयारी चालली होती. ताटात वाण लावलेलं, चांदीचा करंडा, अत्तरदाणी, सगळं लख्ख. मी बसलो. विचारायचं काय ते जुळवत होतो.

चहा घेऊन आल्या आणि त्याच म्हणाल्या, "भाऊ, तुमनी राणी मी कशी चकाचक करी, ते पाहा बरं!"

मला कळलंच नाही. म्हटलं, "कोणती राणी?"

"आवो, तुम्हीच दिधी ना यास्ले? कमलअक्कानी आठवण म्हनीसन." त्या आतल्या खोलीत गेल्या आणि टेबलाच्या खणातून ती घेऊन आल्या. "संक्रांतले मी करंडा घासत व्हतू, चिंच लाईसन. तठेच टेबलवर हाई पडेल व्हती. काळीकुट्ट, कानखाले कुकूना थर. म्हनं, इतली चांगली चांदी, हिले बी घासी टाकू. आते पाहा, आरसासारखी! पन यास्नी चार दिन मनासंगे बोलनंच टाकी दिधं. सांगतस, तू सोनानी माती करी."

मी पदक हातात घेतलं. कडेवरच्या पाटलाच्या नावाला धार होती, नखाला लागली. पदर, घडी, कान. कानाखाली काही नाही. स्वच्छ.

मी विचारलं, "वहिनी, ते कुंकू कुठे गेलं?"

त्या हसल्या. "मोरीमा गयं भाऊ. आखो कथा जाई?"

माझा चेहरा कसा झाला मला माहीत नाही. त्यांचं हसू थांबलं. "काय व्हयनं भाऊ? मनं काही चुकनं का?"

"नाही वहिनी. तुमचं काही चुकलं नाही."

तेवढ्यात वनाभाऊ आले. हातात पिशवी, मेथीची जुडी वर आलेली. मला बघितलं, माझ्या हातातलं पदक बघितलं. चपला न काढता खुर्चीवर बसले.

वहिनी म्हणाल्या, "भाऊले राणी दाखाडी मी."

मी खिशातून रुमाल काढला आणि दुसरी राणी पहिलीशेजारी टेबलावर ठेवली. एक चकाकणारी, एक काळसर, कानाखाली गाठ असलेली. वहिनी दोन्हींकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे बघितलं.

"दोन कश्या?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तं सांगं, भाऊनी दिधी."

वनाभाऊ जमिनीकडे बघून बोलू लागले. "कौतिक, तू ती पेटीच उघडत नव्हतास. माझ्या आजोबांच्या गावचं नाव आहे त्यावर. त्या दिवशी मी रस प्यायला थांबलो नसतो तर... किती वर्षं बघतोय मी ती तुझ्या पेटीत. मला वाटलं, तुला तर ते कुंकूच बघायचं असतं. म्हणून कुंकवासकट साचा घ्यायला लावला. तुला फरक पडणार नाही असं वाटलं."

मी विचारलं, "दिपमालाला फोन का केलात?"

त्यांनी मेथीची जुडी पिशवीत आत ढकलली. वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "माय वो," एवढंच म्हणाल्या, आणि वाणाचं ताट उचलून आत गेल्या. आत भांडं ठेवल्याचा मोठा आवाज झाला.

"ने ही," वनाभाऊंनी चकाकणारी माझ्याकडे सरकवली. "खरी आहे. चिंचेने गेली कामातून, पण खरी आहे. माझं चुकलं. ने, आणि विसरून जा."

मी दोन्हींकडे बघितलं. खरीच्या कानाखाली काही नव्हतं. काळसरच्या कानाखाली तो खडा होता, वरच्या बाजूला जरा चपटा. कमल कुंकू लावताना करंगळीशेजारच्या बोटाने दाबायची, त्याने तसा चपटा होत असे. साच्यात तेही आलं होतं.

मी काळसर उचलली आणि रुमालात बांधली.

"अरे, चुकीची घेतोयस," वनाभाऊ म्हणाले.

"नाही."

"कौतिक, ती नक्कल आहे. तुला माहीत आहे."

"खरी राहू द्या तुमच्याकडे. तुम्हाला हवी होती ना."

"अशी नको रे मला," ते म्हणाले. "घासलेली नको. तू ने. शिव्या दे, पण ने."

मी चपला घातल्या. वहिनी आतून आल्या, डोळे लाल. चालत माझ्यामागे फाटकापर्यंत आल्या. हातात करंडा होता, खाली ठेवायला विसरल्या होत्या बहुतेक. म्हणाल्या, "भाऊ, माले माहीत नव्हतं वो."

मी म्हटलं, "माहीत आहे वहिनी."

पारोळ्याला बस थांबली तेव्हा लोक रस प्यायला उतरले. मी बसून राहिलो.

मी रागावलेलो नाही. संग्रह एका पदकाने अपुरा झाला, एवढंच. तेवढ्यासाठी डोळ्यांतून पाणी यायचं कारण नाही. थंडी होती, खिडकी बंद होत नव्हती.

१९ जानेवारी, रविवार

दिपमाला आली. आल्याआल्या माझ्या कपाळाला हात लावला, मग बॅग भरायला काढली. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. एवढं बोललो नव्हतो कित्येक दिवसांत. ती ऐकत होती. मध्येच तिने मोबाईल काढला आणि वनाचा नंबर काढून टाकला. मी सांगितलं नव्हतं.

मग भिंग घेऊन कानाखालचा खडा बघितला. खूप वेळ. "आईचं बोट," म्हणाली.

"हो."

"पण आबा, हे खोटं आहे ना? म्हणजे पेटीत नाही ठेवणार तुम्ही."

"खोटं आहे. पेटीत नाही."

"मग त्या माळेत?"

मी ड्रिल काढलं. ती घाबरली, नको म्हणाली. मी म्हटलं, खोट्याला भोक पाडायचं हा माझा नियम आहे. पण सुतळीत जाणार नाही हे. कमलच्या पूजेच्या डब्यात लाल नाडा आहे, तो आण. यंदाच्या श्रावणात आपल्याकडे कानबाई बसणार नाही, वर्ष फिरायचं आहे. त्याच्या पुढच्या श्रावणात बसेल. तुझ्या हाताने.

ती नाडा घेऊन आली. डबा उघडल्यावर तिथेच थोडी बसून राहिली, मग आली.

तिने फडक्यात पदक घट्ट धरलं. मी हळूहळू दांडा फिरवला. चांदीचा बारीक कीस फडक्यावर पडला. भोक वरच्या कडेजवळ पडलं, पदराच्या वर.

कुंकवाला धक्का लागला नाही.